बांधावरची पट्टी

माती तपासणाऱ्या बाईंनी यंत्राची सुई द्रुपदाबाईंच्या शेतात खुपसली. पडद्यावर शून्य आलं. शेजारी त्यांचे चुलत दीर सर्जेराव यांच्या शेतातही शून्यच. जिल्ह्यातली सगळी माती अशीच मेलेली होती. पिकं नळीतून येणाऱ्या खुराकावर उभी होती, आणि यंदा तो खुराकही निम्म्यावर आला होता.

परत निघताना बाईंनी सहज दोन्ही शेतांमधल्या बांधावर सुई टेकवली. यंत्र वाजायलाच लागलं.

"अहो, इथं गांडुळं आहेत! हे कसं काय वाचलं?"

द्रुपदाबाई आणि सर्जेराव, दोघंही बांधाशी वाकून बघू लागले. त्या साडेतीन हात पट्टीवरून भावकीत चाळीस वर्षं दावा चालू होता. कोर्टाने 'जैसे थे' ठेवायला सांगितलं होतं, म्हणून तिथे ना कुणी नांगर घातला, ना फवारा मारला.

"यातली ओंजळ-ओंजळ माती दोन्ही शेतांत विरजणासारखी लावा," बाई म्हणाल्या. "चार वर्षांत जमीन जिवंत होईल. फक्त ही पट्टी मोडू नका."

बाई गेल्यावर सर्जेराव खाकरले. इतक्या वर्षांत ते द्रुपदाबाईंशी पहिल्यांदाच बोलत होते.

"वहिनी, उद्याच दावा मागं घेतो. पट्टी तुमची."

द्रुपदाबाईंनी चिमूटभर माती नाकाशी नेली आणि परत होती तिथे ठेवली.

"खुळे झालात का, भाऊजी? दावा मिटला की दुसऱ्या दिवशी आपलीच पोरं इथं नांगर घालतील. पुढची तारीख कधी आहे?"

"बावीसला."

"येते मी. चांगलं कडाकडा भांडू."