पंक्तीतलं झाड

"तनू, पेटी उचल. स्वामी गल्लीत शिरलेत," चंद्रप्पाकाका म्हणाले.

तनुजा हलली नाही. खिडकीतल्या काचेच्या पेटीवर तिनं तळहात ठेवला होता. आत ओल्या शेवाळात माशा पकडणारं झाड होतं. प्रत्येक पानाच्या टोकाला दातेरी जबडा, आतून लाल. शेजारी स्टुलावर अप्पांचा फोटो. हार ताजा होता.

"कुठं ठेवू, काका?"

"गच्चीवर."

"या उन्हात? तासाभरात शिजून जाईल."

"मग शिजू दे. आज घरात तुझ्या अप्पाच्या नावानं शिवगणाराधना हाय. स्वामींचे पाय धुवायचे, तीर्थ घ्यायचं, चार लोकं जेवायला येणार. आन् हे मांस खाणारं झाड इथं आ करून बसलंय! मन्मथ माझा धाकटा भाऊ, लाडका होता, म्हणून आजवर गप बसलो. आता न्हाई."

"माझ्याकडं द्या की," दारातून चांगुणाआत्या म्हणाली. "गोठ्यात लई माशा हायत. खाऊन खाऊन म्हशीएवढं व्हईल."

कुणी हसलं नाही. काकांनी पेटीची एक बाजू धरली. तनुजानं दुसरी घट्ट धरली. पेटी जराशी कलली, आतली कुंडी काचेवर आपटली. दोघांनीही भिंतीला टेकून बसलेल्या तनुजाच्या अम्माकडे, शांतम्माकडे पाहिलं.

अप्पांनी झाड आणलं तेव्हापासून ती या पेटीला शिवली नव्हती. काचा पुसताना तिचं फडकं पेटीपाशी येऊन वळायचं. अप्पा चिमट्यात माशी धरून झाडाला भरवायला लागले की ती उठून आत जायची. "जीव घेऊन राहिलेत," एवढंच म्हणायची.

बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. काकांनी हात सोडला, खांद्यावरचा टॉवेल काढून पेटीवर टाकला.

"उद्या मी स्वतः उकिरड्यावर फेकून येतो," ते हळूच म्हणाले आणि हात जोडून दाराकडे वळले.

स्वामी पाटावर बसले. शांतम्मानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भस्म लावलं, पुन्हा पाणी घातलं. ताटात जमलेलं राखाडी तीर्थ पळीपळीनं एकेकाच्या तळहातावर आलं. तनुजानं ते घेतलं. जिभेला बोअरचा खारटपणा लागला.

अप्पा पावसाचं पाणी कॅनमध्ये साठवून ठेवायचे, फक्त या झाडासाठी. "बोअरचं पाणी म्हणजे याला विष," ते सांगायचे. "क्षारानं मुळं जळतात. वरून कळत पण नाही." खिडकीखालचं शेवटचं कॅन आता तळाला आलं होतं.

शांतम्मानं तीर्थ घेतलं. पुन्हा हात पुढे केला. स्वामींनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दुसरी पळी घातली. तळहाताची वाटी तशीच सांभाळत ती उठली आणि खिडकीकडे चालू लागली.

"शांतम्मा, काय करून राहिलीस?" काका म्हणाले.

तिनं कोपरानं टॉवेल ढकलला. तो खाली पडला.

"त्यांच्या हातानं जेवणारं हाय हे," अप्पांच्या फोटोकडे पाहत ती म्हणाली. "समद्यांनी घेतलं. ह्यालाच कसं वगळू? तनू, झाकण काढ."

तिच्या तळहातात भस्म खाली बसत होतं. 'नको अम्मा, मरेल ते' हे शब्द तनुजाच्या ओठांपर्यंत आले. काका पुढे आले. ते वाकले, टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि मागे सरून उभे राहिले. अम्मा पेटीवर वाकून आत पाहत होती. इतक्या जवळून तिनं ते झाड कधी पाहिलंच नव्हतं.

तनुजानं झाकण काढलं.

पाणी शेवाळात जिरलं, वर राखेची पुसट रेघ राहिली. हात मागे घेताना अम्माची करंगळी एका पानाच्या आत घासली, पुन्हा घासली. जबडा मिटला.

अम्मा दचकली, पण तिनं हात ओढला नाही.

"काढून घे, अम्मा. जोर नसतो त्याला. लगेच सुटतं."

"पानं वाढलीत," आतून आत्याची हाक आली. "चला, स्वामी खोळंबलेत."

"असू दे," शांतम्मा पानाकडे पाहत म्हणाली. "सुटंल तेव्हा सुटंल."