दुसऱ्या पायाचा कागद

ऑफिस सोडून मी वेड्यावाकड्या पायांचे बूट शिवायला बसले त्याला दोन वर्षं झाली, तरी आईनं आशा सोडली नव्हती. आज ती ऑफिसचं परत बोलावणारं पत्र घेऊन थेट दुकानात आली. “आज शेवटची तारीख. मुकाट्यानं सही कर!” मीही थकले होते; पेन शोधू लागले. तेवढ्यात एक नर्सबाई आल्या. त्यांचं एक पाऊल बोटभर आखूड. “तीस वर्षं बुटात कापूस कोंबून उभी राहिलेय,” म्हणाल्या. हाताला लागला तो जाड कागद त्यांच्या पावलाखाली सरकवून मी कडेनं पेन्सिल फिरवली. पाऊल उचललं तर खाली ऑफिसचा शिक्का! मी जीभ चावली. आई आधी कागदाकडे, मग बुटातल्या कापसाकडे बघत राहिली. “सहीला जागाच ठेवली नाहीस गं,” म्हणत तिनं पत्राचं पाकीट उलगडून पुढं धरलं. “दुसऱ्या पायाला हे घे.”