उजवं पान

“देवाला आपला फ्लॅट नंबर ठाऊक नाही होय?” सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. हेब्बाळला आमच्या घरी दर बुधवारी मराठी प्रार्थना असते. त्यात शेजारच्या एस्तेरअक्का दोन वर्षं पत्त्यासकट हेच मागत होत्या: घर सोडून गेलेला माझा नवरा विल्सन परत यावा. मीही ‘आमेन’ म्हणायचे, पण हळू. न जाणो, देवानं ऐकलं तर. अक्कांच्या वहीत डाव्या पानावर विनंत्या, उजव्या पानावर उपकारस्तुती. आज प्रार्थना संपताच सासूबाईंनी वही मागून घेतली, डावीकडचं लेकाचं नाव खोडलं आणि उजवीकडे नीट लिहिलं. “म्हणजे विल्सन आला?” अक्कांनी हरखून विचारलं. “नाही,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “हिला मारायचा तो. तुम्हा सगळ्यांना दिसत होतं, मला तर ऐकूही यायचं. तो गेला, म्हणून देवाचे उपकार मानते, अक्का.”