नुसता हात

यंत्र बंद होतं आणि सोनोग्राफीवाल्या ताईंना त्याची मूठ काकांच्या पोटावर आणखी वीस मिनिटं दाबून धरायचं होतं.

अगदी बंद नव्हतं म्हणा. पडदा चालू, दिवा चालू, आतला पंखा तर नको तितका चालू. फक्त ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या ध्वनिलहरी तेवढ्या निघत नव्हत्या. सलाइनमधून कॅन्सरचं औषध जात असताना गाठीवर लहरी सोडल्या, तर औषध आत जास्त मुरतं का, हे या चाचणीत बघायचं होतं. औषध सगळ्यांना खरं. लहरी मात्र निम्म्यांनाच; उरलेल्या निम्म्यांना नुसता हात. कोण कुठल्या निम्म्यात, हे कंप्युटरला ठाऊक आणि ताईंना ठाऊक. डॉक्टरांनाही नाही. काकांनी हे सगळं वाचून सही केली होती आणि त्या दिवसापासून छळ मांडला होता.

चाळीस वर्षं लाउडस्पीकर दुरुस्त केलेला माणूस. समोरचं यंत्र वाजतंय की नाही हे कळू नये, याचा त्यांना गाठीपेक्षा जास्त त्रास होई.

"हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग," ते पोटाकडे बघून म्हणाले.

"गप पडा हो," काकू म्हणाल्या. "त्यांचं लक्ष जातं."

"अगं, मी वाजतोय का ते बघतोय. ताई, खरं सांगा. मला आवाज सोडलाय ना?"

"मला सांगता येत नाही, काका."

हे आज चौथ्यांदा. आधीच्या पाच पेशंटांना मिळून किती वेळा, ते ताईंनी मोजणं सोडून दिलं होतं. मनगटातून कळ निघाली. त्यांनी हात बदलला, पण दाब कमी होऊ दिला नाही. दोन्ही निम्म्यांना दाब सारखाच, असा नियम होता.

काका बघत होते. पहिल्यांदाच यंत्राकडे नाही, ताईंकडे.

"सापडलं," ते काकूंना म्हणाले. "चालू आहे."

"कशावरून?"

"बंद पेटीसाठी कुणी मनगट मोडून घेतं का? मी तर गिऱ्हाइकाची पाठ वळली की स्क्रूसुद्धा अर्धेच पिळायचो."

"हे आत्ता सांगताय होय."

काकांनी डोळे मिटले. दोन मिनिटांत घोरायलाही लागले. आजवर या खाटेवर ते कधी झोपले नव्हते.

चौदा मिनिटं उरली होती. ताईंच्या मनात आलं, आता कोण बघतंय, जरा सैल धरावं.

काकू स्टुलावरून उठल्या. त्यांनी अंगातला स्वेटर काढला, त्याची नीट घडी घातली आणि ती ताईंच्या कोपराखाली सारली.

"टेकवा," त्या हळूच म्हणाल्या. "पण तिथून हलवू नका हं. आत्ता कुठे लागू पडायला लागलंय."