चौथ्यांदा गेलेला आवाज

"पुन्हा गेला आवाज!" म्हणत मास्टरमशायनी, म्हणजे गावच्या शाळामास्तरांनी, मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर फोन आपटला, आणि सौगतच्या हातातला चिमटा खाली पडला.

महिन्यातली ही चौथी खेप. फोन तोच, दुखणं तेच. गाणं लावलं तर चिडीचूप, आणि पडद्यावर वरच्या कोपऱ्यात हेडफोनचं चिन्ह. हेडफोन तर मास्टरमशायच्या घरात कुणाकडेच नव्हता! पण हेडफोनच्या भोकात काही अडकलं की फोनला आपलं वाटतं, हेडफोन लावलाय, आणि तो स्पीकरला गप्प बसवतो. शांतिपूर म्हणजे विणकरांचं गाव. हवेत सूत, भातात सूत, मग फोनात नसायला काय झालं? दुसरा कुणी असता तर 'स्पीकर जळलाय, नवा घालू' म्हणून मोकळा झाला असता. सौगत मात्र सुई घेऊन बसायचा.

आज सुई धरवत नव्हती. कारण मास्टरमशाय म्हणजे झिनुकचे बाबा. आणि झिनुक म्हणजे... जाऊ द्या. तिचं नुसतं नाव निघालं तरी या पठ्ठ्याचे कान लाल व्हायचे. दोन वर्षं दोघं गंगेच्या घाटावर भेटत होती. परवा तिने निकालच लावला. "रविवारी राणाघाटचा मुलगा मला बघायला येतोय. त्याआधी बाबांशी बोल. नाहीतर बस जन्मभर भोकं कोरत!"

आज शनिवार होता.

बोलायचं कसं पण? सातवीत त्रैराशिक चुकलं म्हणून याच मास्टरमशायनी त्याला अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. ती धास्ती अजून गेली नव्हती. गेल्या तिन्ही खेपांना सौगतने छाती फुगवली, तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा त्यातून "पाणी घेता, मास्टरमशाय?" एवढंच बाहेर पडलं. तिसऱ्या वेळी तर ते दोन पेले पाणी प्यायले, पंख्याखाली अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारत बसले. तरी हा ढिम्म!

सौगतने भिंग डोळ्याला लावलं. पहिल्यांदा या भोकातून सुताचा गुंता निघाला होता. दुसऱ्यांदा दात कोरायच्या काडीचं टोक. तिसऱ्यांदा कागदाची गोळी. आज सुईला पांढरी भुकटी लागली. मग चिमट्यात एक कपचा आला. खडू!

सौगतला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ही झिनुकच! बापाला दुकानात धाडायला काहीबाही कोंबतेय. काय डोकं आहे पोरीचं! एवढं ती करतेय, आणि आपण काय करतोय? बोल, लेका, बोल!

"मास्टरमशाय..."

"काय?" ते एकदम पुढे वाकले.

"पाणी घेता?"

"नको!" मास्टरमशाय खेकसले. "पोट फुटेल माझं. आवाज आला का ते दाखव."

आवाज तपासायला सौगतकडे एकच ध्वनिफीत असायची, ताईच्या लग्नातली. शंख आणि बायकांचा उलू, म्हणजे मंगलकार्यात जीभ हलवून काढतात तो लांबलचक स्वर. स्पीकर जरा जरी फाटला असेल तरी शंखावर बरोबर कळतं. एरवी तो ती अगदी बारीक लावून कानाशी धरायचा. आज बोट घसरलं. आवाज सुटला तो पार टोकापर्यंत.

आता भरदुपारी गल्लीत शंख आणि उलू ऐकून शांतिपूरची कुठली बाई गप्प बसेल? वरच्या मजल्यावर मिनती काकीमा जेवत होत्या. त्यांनी खरकट्या हाताने खिडकीत येऊन उलू दिला. तो ऐकून समोरच्या घरातल्या बौदीने, म्हणजे वहिनीने, दिला. पलीकडे कुणीतरी खराखुरा शंख फुंकला. मागांची खटखट थांबली आणि बघता बघता काउंटरपुढे सात-आठ बायका उभ्या!

"कुणाचं ठरलं ग?"

"सौगतचं! दुसऱ्या कुणाचं असणार? मेल्या, आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस!"

"अग, मुलीचे बाबा जातीने आलेत की!" मिनती काकीमांनी मास्टरमशायना नमस्कारच ठोकला. "उभे काय, बसा! कुणीतरी निखूतीची मिठाई आणा रे, गरम आणा!"

"अहो नाही, काकीमा! हा तर नुसता स्पीकर..." सौगत म्हणाला आणि मध्येच थांबला. मास्टरमशाय त्याच्याकडे एकटक बघत होते. आत्ता 'नाही' म्हटलं की कायमचं नाही, हे त्याला लख्ख कळलं.

"हो!" तो ओरडला. फोनपेक्षा मोठ्याने. "म्हणजे ठरलं नाही अजून. मास्टरमशाय, मला झिनुकशी लग्न करायचंय! तिलाही करायचंय! मला त्रैराशिक अजून येत नाही. पण तिला मी सुखात ठेवीन!"

मिनती काकीमांचा हात तोंडावर गेला. मास्टरमशायनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला, पुन्हा घातला.

"हुश्श!" ते मटकन स्टुलावर बसले. "अरे गाढवा, झिनुकने मला महिन्यापूर्वीच सगळं सांगितलं. मी म्हटलं, मुलगा स्वतः तोंडाने मागेल तरच देईन. पहिल्यांदा खरंच सूत अडकलं होतं, पण नंतर काडी मी कोंबली, कागद मी कोंबला, आज खडूही मीच कोंबला. तुझी वाचा फुटावी म्हणून या बिचाऱ्या फोनचा गळा मी अजून किती वेळा दाबायचा होता?"