गणितात बावन्न

सत्त्याहत्तर सालचा जून. काटोलच्या शाळेत पहिली आलेल्या इंदूचा अकरावी सायन्सचा फॉर्म नागपूरच्या कॉलेजनं परत केला. गणितात साठ टक्के हवे होते, तिला बावन्न होते. बाकीच्या विषयांतले ऐंशी कारकुनानं पाहिलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तर तिच्या शाळेतले गणिताचे ढोमणे सर कॉलेजच्या फाटकातच उभे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आता काहून आले, सर? आम्ही कोऱ्या फळ्याकडे पाहत बसत होतो, तवा कुठं होते?"

 सर तिला घेऊन थेट प्राचार्यांसमोर उभे राहिले.

"हे मार्क पोरीचे नाहीत साहेब, माहे आहेत. जानेवारीपर्यंत मी वर्गावर गेलोच नाही. आणीबाणीत नसबंदीच्या केसेस आणायले गावोगाव फिरून राहिलो होतो. कोटा भरला नाही, तर पगार थांबत होता."

"सगळ्याच शाळांत हे झालंय, मास्तर. मी कुणाकुणाला सूट देऊ?"

"मंग तवाच नाही म्हणायचं होतं, सर!" ढोमणे सरांकडे वळताना इंदूचा आवाज चिरकला.

 पुरावा म्हणून आणलेला गुंडाळलेला कागद सरांनी टेबलावर उलगडला. इंदूनं तो वाचला. खाली मोठा गोल शिक्का होता आणि वर लिहिलं होतं : कुटुंबनियोजनातील उल्लेखनीय कार्याबद्दल, तालुक्यातील आदर्श शिक्षक.