दगडावरचा नेचा

मत्स्यपेटीतल्या नेच्याची पानं काळी पडलेली दिसली, त्याच दिवशी गोविंदराव तो बरणीत घालून दुकानात घेऊन गेले. हेमलताबाईंनी जाण्याआधी नवऱ्यासाठी आपल्या आवाजातला निरोप त्या रोपाच्या पेशींत नोंदवून ठेवला होता. वर्ष झालं, तो ऐकायचा गोविंदरावांना धीर झाला नव्हता.

"काका, खोड वाळूत पुरलंत?" दुकानदार अस्मिताने विचारलं. "कुजलंय. ते दगडाला बांधायचं असतं."

"तीही हेच सांगायची. पण जन्मभर बागकाम केलेला माणूस मी, हात मातीकडेच जातो."

"म्हणजे काकूंचं ऐकलं नाहीत."

"कधी ऐकलं होतं?"

अस्मिताने एक पान उलटलं. खाली नखाएवढं नवं रोप, पिल्लू, फुटलं होतं. "जुन्या पेशी मेल्यात; यात मात्र अख्खा निरोप आहे. पण आत्ता ऐकायचा तर हे चिरडावं लागेल. वाढवलंत तर वर्षाने एका पानावर भागेल."

"जगेल?"

"खात्री नाही देता येत, काका."

घरी येऊन गोविंदरावांनी हेमलताबाईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि पिल्लू दगडाला बांधलं. निरोप ऐकायचा अजून राहिला आहे.